पुसून पुन्हा वापरायची डीव्हीडी

मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचं चित्रीकरण बरीच वर्षं माझ्याकडे होतं, त्यामुळे कोऱ्या डीव्हीडींचे प्रकार मला पाठ होते. आर म्हणजे एकदाच लिहायची, मग ती कायमची. आरडब्ल्यू म्हणजे पुसून पुन्हा लिहायची. त्यातही अधिक आणि उणे असे दोन पंथ. दिसायला दोन्ही सारख्या. भांडण कंपन्यांचं, डोकेदुखी आमची.

अध्यक्षांची भाषणं आरवर जात. ते मराठी अस्मितेवर चाळीस मिनिटं बोलत आणि खाली उतरून माझ्याशी इंग्रजीत. बायको घरी गाण्याचा रियाज करी, तो आरडब्ल्यूवर. तिला फक्त आपल्या चुका ऐकायच्या असत. दर रविवारी मागचा रियाज पुसायचा, नवा भरायचा. एकच डीव्हीडी वर्षभर पुरे. कायमचं काय आणि तात्पुरतं काय, हे मीच ठरवलं होतं.

ती जाऊन बारा वर्षं झाली. फोटो पुष्कळ आहेत, आवाज कुठेच नाही. एचएसआर लेआउटच्या या फ्लॅटमध्ये दिवसभरात बोलते ती लिफ्ट. यंदा माळा आवरताना ती डीव्हीडी सापडली. शेवटच्या रविवारचा रियाज तरी त्यावर असणार होता.

लॅपटॉपला हल्ली डीव्हीडीची खाचच नसते. मल्लेश्वरममध्ये जुनी यंत्रं दुरुस्त करणारा एकजण आहे, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मराठी घरातला, बोलण्यात कन्नड मिसळलेला. त्याने डीव्हीडी उजेडात धरली.

"अण्णा, ही तर पुसायची. ह्याच्यात जपायचं कोण ठेवतंय?"

"मी."

"सरी. स्वल्प बसा."

पहिल्या यंत्राने ती ओळखलीच नाही. आरडब्ल्यूवरून प्रकाश कमी परततो, म्हणून जुन्या यंत्रांना ती दिसत नाही. दुसऱ्याने बराच वेळ घरघर केली आणि पडद्यावर अध्यक्ष आले. शालीसकट.

मग आठवलं. एका कार्यक्रमाच्या दिवशी आर संपल्या होत्या. हाताशी हीच होती. रियाज पुसून मी भाषण भरलं होतं. रविवारी पुन्हा भरू म्हणून. त्या रविवारी ती इस्पितळात होती.

"बंद करू काय?"

"राहू दे."

दहा मिनिटं त्याने सोसलं. "अण्णा, हा माणूस काय सांगतोय, तुम्हाला तरी कळतंय?"

"नाही."

"मग कशाला ऐकताय?"

"प्रेक्षकांसाठी."

भाषणाच्या दिवशी ती तिसऱ्या रांगेत होती. कॅमेरा अध्यक्षांवरच होता, पण माइकला सभागृह ऐकू येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते भाषण पूर्ण ऐकलं. अठ्ठाविसाव्या मिनिटाला कोणी बाई दोनदा खोकली. तिला तेव्हा खोकला होता. पण सभागृहात दीडशे माणसं होती, आणि डिसेंबर होता.

मी त्याला थोडं मागे घ्यायला सांगितलं. त्याने काही न विचारता घेतलं, आणि आवाज वाढवला.