सव्वातास

भावाचं हे टोपणनाव बहिणीनेच ठेवलं होतं. दुसऱ्या शहरात, लिफ्ट विकणाऱ्या कंपनीत तो साहेब झाला, आणि फोनवर आईची चौकशी उरकली की शेवटी हमखास तेच पालुपद लावायचा, "अगं, विमानाने सव्वा तास. हाक मारलीस की आलोच." आई पडली, कमरेचं हाड मोडलं, तेव्हा बहिणीने हाक मारली. ताई आहेच तिथे, मग काळजी कसली, असं म्हणून त्याने फुलं पाठवली.

बहीण घरीच कपडे दुरुस्त करून द्यायची. दारामागे लोकांच्या पँटी, खिडकीशी मशीन, मशीनशेजारी आईची खाट. आई खाटेला लागल्यापासून चार वर्षांत हा पठ्ठ्या तिथे एकदाही फिरकला नव्हता.

आई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. लांबलांबची शहरं एकमेकांना जोडून देण्यात तिचं आयुष्य गेलेलं. समोरच्या नर्सबाईने किंवा लाँड्रीवाल्याने मुलाबद्दल विचारलं, की ती ठसक्यात सांगायची, तो फार लांब असतो. आधी एक विमान, मग दिवसभर ताटकळायचं, मग दुसरं विमान, वर बस. जाऊन-येऊन आठवडा मोडतो, पोराला रजा तरी किती मिळणार? शेजारी हळहळायचे. मुलगा नालायक आहे यापेक्षा तो लांब आहे, हे तिला सोसत होतं. त्याला झाकायला आई अख्खा नकाशा ताणत होती आणि त्या गाढवाला पत्ताही नव्हता. बहीण तोंडात टाचण्या धरून मुकाट ऐकायची. चारचौघांत आईला खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं असतं.

मग एका दुपारी स्वारी उगवली. कंपनीच्या कामाने आला होता, मधले दोन तास मोकळे मिळाले म्हणे. आईचा चेहरा असा उजळला की बहिणीला बघवेना. नर्सबाई आणि लाँड्रीवाला भेटायला आले. लाँड्रीवाल्याने भाबडेपणाने विचारलं, दोन-दोन विमानं बदलून फार दमला असाल.

बहिणीने हळूच आपल्या पायाने भावाचा पाय दाबला. त्याने पाय बाजूला घेतला, एवढंच.

"दोन विमानं? कोणी सांगितलं तुम्हाला?" तो हसला. "सरळ एकच. सव्वा तास. चहा संपेपर्यंत उतरायची वेळ होते. महिन्यातून दोनदा येतो ना मी इथे, ऑफिसच्या कामाला."

नर्सबाई खाटेवरची चादर नीट करायला लागली, ती नीटच होती. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. सव्वातास घड्याळ बघून उठला आणि दारात म्हणाला, ताई, काही लागलं तर कळव, सव्वा तासाचं तर काम. बहिणीला त्याची इतकी किळस आली की तिने त्याला जिन्यापर्यंतही सोडलं नाही.

पुढच्या आठवड्यात खालची नवी भाडेकरू पँट आखूड करून घ्यायला वर आली. बसल्या बसल्या तिने आईशी ओळख काढली, मुलं किती, म्हणून विचारलं. बहिणीचा मशीनवरचा पाय थांबला. आता आई पुन्हा विमानं बदलणार, बस पकडणार.

"एकच," आई म्हणाली. "ही काय, समोर बसलीय."