विल्फ्रेडच्या बागेतला बॅजर

इंग्लंडातल्या आमच्या डेव्हनमधल्या गल्लीत तोंडावर खरं बोलणं म्हणजे चोरीपेक्षा वाईट. एकतीस वर्षं राहून मलाही तीच खोड लागली आहे.

शेजारचा विल्फ्रेड टॅपस्कॉट बायको गेल्यावर अगदी घुमा झाला. मग त्याने बागेतल्या सफरचंदाच्या झाडाला कॅमेरा बांधला. समोर काही हललं की आपोआप फोटो निघायचा. त्याला हवा होता बॅजर, तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला, रात्री बिळातून निघणारा तो केसाळ प्राणी. आठ महिन्यांत मिळालं काय, तर गवत, आणि शेंगदाणे टाकायला वाकलेल्या विल्फ्रेडचं स्वतःचं बूड. पठ्ठ्याने गावच्या प्रदर्शनात नुसत्या गवताचे बारा फोटो लावले. लोक थांबून म्हणाले, "गवत छान आलंय हो." मला रडू आलं.

त्याच आठवड्यात पलीकडचा पर्सी लस्कम, वय बहात्तर, तोंडावर पीठ आणि बुटाच्या काळ्या पॉलिशचे पट्टे ओढून, बायकोचा फरचा कोट पाठीवर घेऊन, संध्याकाळी कुंपणातून रांगत विल्फ्रेडच्या बागेत गेला.

रविवारी विल्फ्रेडने अख्ख्या गल्लीला चहाला बोलावलं. फोटो हातोहात फिरला.

"नर दिसतोय. वयस्कर," पर्सीची बायको म्हणाली.

"डावा गुडघा धरलाय बिचाऱ्याचा," विल्फ्रेड म्हणाला.

"थंडीने असेल," पर्सी म्हणाला.

"मनगटावर घड्याळ आहे," विल्फ्रेड म्हणाला.

"हल्ली घालतात."

दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या भोकापाशी एक उशी ठेवलेली दिसली. मग दर आठवड्याला कुणीतरी रांगायचं आणि दर रविवारी चहा व्हायचा. माझीही पाळी आली. जमिनीवरचे शेंगदाणे तोंडाने खाल्ले, तर विल्फ्रेडने वहीत लिहिलं, 'मादी, जरा लठ्ठ'. लठ्ठ काय, मेल्या! पण त्या रविवारी तो चक्क गुणगुणत चहाबरोबरच्या स्कोन पावांना लोणी लावत होता, म्हणून गप्प बसले.

परवा शनिवारी त्याने मला कॅमेऱ्यातले फोटो बघायला बोलावलं. पडद्यावर चार पाय, ओलं नाक, थेट आमच्याकडे रोखलेले डोळे.

"अरे विल्फ्रेड, हा तर खरा!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हो. दिसतंय मला."

तो बराच वेळ त्या बॅजरकडे बघत राहिला. इतका सुंदर फोटो मी जन्मात पाहिला नव्हता.

"हा दाखवला, तर पुढच्या रविवारी कोण येईल गं?" तो म्हणाला, आणि त्याने फोटो पुसून टाकला.