अक्षर साफ दिसलं पाहिजे

चूक कॉम्प्युटरची आहे असं एकदा घरात ठरलं, तेव्हा खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. माणसाची चूक निघाली की आमच्या घरात आठ-आठ दिवस कोणी कोणाशी नीट बोलत नाही. कॉम्प्युटरवर कितीही खापर फोडा, तो जेवायला बसताना तोंड वाकडं करत नाही.

आम्ही बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात राहतो. आमचे हे पुढच्या खोलीत पंचवीस वर्षांपासून पत्रिका कंपोज करतात. लग्नाच्या, वास्तूच्या, उत्तरकार्याच्या. छपाई दुसरीकडे होते, पण अक्षर कोणतं, मांडणी कशी, कोणाचं नाव कोणाच्या वर, हे सगळं ह्यांचं. आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत अर्धी जागा नावांनाच लागते. जे वारले त्यांच्या नावाआधी 'स्व.' लावायचं आणि त्यांना सगळ्यांच्या वर बसवायचं. एखादं नाव राहिलं तर त्या घरचा माणूस लग्नाला येत नाही, आणि आला तर जेवत नाही. पंचवीस वर्षांत ह्यांच्या हातून एक नाव सुटलं नव्हतं. त्याचा ह्यांना इतका गर्व, की मी म्हणायचे, आता देवाकडेही यादी तुम्हीच पाठवणार वाटतं.

मागच्या माघात इच्छापूरकडच्या एका केळीवाल्या घरची पत्रिका आली. यादी वहीच्या पानावर पेनाने लिहिलेली, ओळी दाट. ह्यांची एक ओळ घसरली आणि 'स्व.' जाऊन बसलं नवरदेवाच्या धडधाकट चुलत आजोबांच्या नावाआधी. पत्रिका छापल्या गेल्या, वाटल्या गेल्या, पार रावेरपर्यंत पोचल्या. चौथ्या दिवशी ते आजोबा स्वतः आमच्या ओट्यावर हजर. पांढरं धोतर, हातात पत्रिका.

"भाऊ, जरा मले देख बरं," ते ह्यांना म्हणाले. "मी जित्ता हाये का नाही?"

माणूस मोठ्या मनाचा. चहा प्याला, हसला, आणि निघताना म्हणाला, "आता खरंच मेलो का मंग दुसरी छापू नका, हीच चालीन." मी पदर तोंडाला लावून हसले. हे हसले नाहीत. आजोबा रस्त्याला लागल्यावर ह्यांनी स्क्रीनवर एक टिचकी मारली आणि म्हणाले, "अक्षर फाटून दिसते याच्यात. हा डब्बा आता गेला कामातून. बदलावाच लागीन."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी रोजच्यासारखं चिडवलं. मग ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढचं तोंडातच राहिलं. ते वहीचं पान काही कॉम्प्युटरमध्ये नव्हतं. हातात धरूनच ह्यांनी चुकीची ओळ वाचली होती. मला ते तिथेच कळलं, आणि मला वाटतं ह्यांनाही कळलं. मी चहाच्या कपबश्या उचलून आत गेले.

ह्यांना शुगर आहे, बारा वर्षं झाली. डॉक्टरांनी डोळे तपासून घ्या म्हणून चिठ्ठी दिली होती. ती घडी घालून गॅसच्या पुस्तकात मीच ठेवली होती. माझ्या जेठांचे, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाचे, डोळे शुगरनेच गेले. शेवटची काही वर्षं ते ह्याच ओट्यावर बसून चपलांच्या आवाजावरून माणसं ओळखायचे. चिठ्ठी बाहेर काढली असती तर त्या ओट्याचं नाव काढावं लागलं असतं. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी ती तशीच राहू दिली.

मग सुरू झालं कॉम्प्युटरपुराण. मुलगा पुण्याला नोकरीला, तो रोज संध्याकाळी फोनवर बापाची शिकवणी घ्यायचा. प्रोसेसर म्हणजे काय, कोर किती हवेत, मदरबोर्ड त्याच्या जोडीचाच का लागतो. हे फोन स्पीकरवर ठेवून ऐकायचे आणि मोठ्या वहीत लिहून घ्यायचे. मुलगा म्हणायचा, "बाबा, तुमच्या कामाला मधल्या दर्जाचा प्रोसेसर भरपूर झाला. सोळा जीबी रॅम, एक एसएसडी. संपला विषय." ह्यांचा एकच प्रश्न असायचा, "पण अक्षर साफ दिसीन ना?" मुलाला वाटायचं बाबांना छपाईतली बारीक नजर आहे. तो कौतुकाने हसायचा आणि मी कणीक मळत राहायचे.

आम्ही दोघं दुकानात गेलो तो दिवस मला चांगला आठवतो. दुकानदार तरुण, बोलायला गोड. त्याने काउंटरवर दोन प्रोसेसरचे डबे ठेवले. एकात चित्र दाखवायची सोय आतच होती. दुसऱ्यात ती नव्हती, त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लावावं लागतं. ह्यांनी दोन्ही डबे हातात घेतले, उलटेपालटे केले, उजेडाकडे धरले आणि माझ्याकडे दिले.

"वाच," म्हणाले.

ह्या माणसाने पंचवीस वर्षं मला प्रूफ वाचू दिलं नव्हतं. बायकांचं लक्ष मजकुरात जातं, अक्षरात जात नाही, असं ह्यांचं ठाम मत. आता भर दुकानात मी डब्यावरचं वाचत होते. सहा कोर, बारा थ्रेड, पुढे कसले कसले आकडे. हे मान डोलवत होते, जणू डोळ्यांनी पाहिलं ते कानांनी ताडून घेतायत.

"वेगळंच कार्ड लावू," हे म्हणाले. "भारीतलं."

"काकाजी, कार्ड कायले घेता?" दुकानदार म्हणाला. "तुमचं काम आतल्या ग्राफिक्सवर आरामसे होऊन जाईन. ते गेम खेळणाऱ्यांचं काम हाये. अक्षर त्याच्याने जास्त साफ नाही होत."

"मग कशाने होते?"

 त्या पोराने आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर फिरवली आणि भिंतीवर टांगलेल्या कीबोर्डांचे रंग बघत बसले. तो म्हणाला, "मॉनिटर मोठा घ्या, काकाजी." मला त्याचा राग आला. खरं म्हणजे राग यायला हवा होता माझाच, पण समोर तो उभा होता.

त्यातच त्याने सांगितलं की सध्या रॅम फार महाग झालीय, थोडं थांबाल तर उतरेल. हे लगेच म्हणाले, थांबू, एवढी काय घाई आहे. मीही म्हणाले, हो, थांबू. दोघांचा असा एकमताने निर्णय आमच्या संसारात क्वचितच झाला असेल. मी घरी आले आणि मुगाची खिचडी टाकली.

थांबण्यात पूर्ण दोन महिने गेले. रॅम काही उतरली नाही. ह्यांच्या वहीतलं अक्षर मात्र दर आठवड्याला वाढत होतं. पहिल्या पानावर प्रोसेसरपासून पॉवर सप्लायपर्यंत सगळी यादी मावली होती. पुढे एका पानावर पाच शब्द. मग एके दिवशी मी वही उघडली तर अख्ख्या पानावर नुसतं 'मदरबोर्ड', तेही कडेने खाली उतरत गेलेलं. मी वही मिटून जागेवर ठेवली. जुन्या कॉम्प्युटरवर हे एकेक नाव इतकं मोठं करून पाहायचे की स्क्रीनभर एकच आडनाव पसरायचं. प्रूफ आता मीच मोठ्याने वाचत होते. गिऱ्हाइकांना वाटायचं, वहिनी कामात मदत करतात.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, लग्नांचं काम डोक्यावर आलं तेव्हा शेवटी महागातली रॅम घेऊनच कॉम्प्युटर आला. ह्यांनी हट्टाने भारीतलं कार्डही घेतलं होतं. दुकानदाराने घरी येऊन सगळं जोडलं. मॉनिटर आमच्या जुन्या टीव्हीपेक्षा मोठा. बटण दाबलं आणि चहाचा पहिला घोट गिळायच्या आत सगळं सुरू झालं. जुन्या डब्याला एवढ्या वेळात आळसही देऊन होत नसे.

दुकानदार गेला. हे खुर्चीवर बसले. एक पत्रिका उघडली. खुर्ची पुढे ओढली, मग आणखी पुढे. नाक काचेला टेकायचं बाकी राहिलं होतं. मी मागे उभी होते. त्या स्क्रीनवर प्रत्येक वेलांटी, प्रत्येक रफार इतका स्वच्छ होता की मला रडू येईल असं वाटलं.

"तुला कसं दिसते?" ह्यांनी विचारलं. मान वळवली नाही.

आवाज असा होता की तसा मी लग्नानंतर कधी ऐकला नव्हता. हा माणूस माझ्याकडे भीक मागत होता, आणि जे मागत होता ते माझ्याजवळ होतं.

"मलाही जरा धूसरच वाटतंय," मी म्हणाले.

ह्यांचे खांदे खाली आले. "मी म्हणतच होतो," म्हणाले, आणि लगेच दुकानदाराला फोन लावला, मोठ्या आवाजात, पहिल्यासारखे चिडून. त्या दिवशी हे पोटभर जेवले. त्या बिचाऱ्याने दोन आठवड्यांनी मॉनिटर बदलून आणला. येताना माझ्याकडे त्याने असं पाहिलं की मला चहा विचारायचीही लाज वाटली.

दुसऱ्या मॉनिटरसमोर हे एकटेच बसले. मी दारातून पाहत होते. ह्यांनी एक डोळा हाताने झाकला. मग दुसरा झाकला. मग पुन्हा पहिला. बराच वेळ हे असंच चाललं. शेवटी कॉम्प्युटर बंद केला आणि म्हणाले, "चल, दाखवून येऊ." मी गॅसच्या पुस्तकातून चिठ्ठी काढून पर्समध्ये टाकली. ती कुठे होती हे ह्यांनी विचारलं नाही.

जळगावच्या डॉक्टरांनी थेंब टाकले, मशीनवर हनुवटी टेकवायला लावली, दोन्ही डोळ्यांचे फोटो काढले. उजव्यात रक्त उतरलंय म्हणाले, डाव्यात मध्यभागी सूज. इंजेक्शनं घ्यावी लागतील, लेझर करावं लागेल. मी विचारलं, म्हणजे परत दिसेल ना? ते म्हणाले, "जे गेलं ते येणार नाही. उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करू. तीन-चार महिने आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती." त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. रोज कोणाला ना कोणाला सांगावं लागत असेल. पुढे वाचायचं-लिहायचं काम जमेल का, असं ह्यांनी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "बारीक काम नाही जमणार."

परतीच्या बसमध्ये ह्यांना खिडकीजवळ बसवलं. थेंबांमुळे उजेड सोसत नव्हता, म्हणून माझ्या पदराने डोळे झाकून घेतले होते. रावेर मागे पडलं. मी मनात हिशेब लावत होते, माघ, फाल्गुन, चैत्र, आणि त्यात माझे ते दोन आठवडे. मला कोणीतरी शिव्या द्याव्यात असं वाटत होतं, आणि बसमध्ये सगळे पेंगत होते.

"त्या दिवशी," हे पदराखालून म्हणाले, "तुला खरंच धूसर दिसलं होतं का?"

आता खोटं बोलण्यात काही राहिलं नव्हतं. "नाही," मी म्हणाले. "अगदी स्वच्छ होतं."

ह्यांनी मान हलवली. हात चाचपत माझ्या मनगटावर आणून ठेवला.

"मले माहीत होतं," म्हणाले. "पण त्या दिवशी किती बरं वाटलं होतं गं."