ओट्यावरचा धारवाडी निवेदक

सुनीता खळखळून हसली आणि कढईतला झारा तिच्या हातात तसाच थांबला. हसवणारा होता तिच्या माहेरच्या, धारवाडच्या रेडिओवरचा निवेदक.

इंटरनेटवरचं ते कन्नड केंद्र आमच्या ओट्यावरच्या जुन्या स्पीकरवर लागतच नव्हतं. त्याला फक्त एमपीथ्री कळायचं. म्हणून मीच हॉलमधल्या छोट्या कॉम्प्युटरवर ते प्रसारण घेऊन एमपीथ्रीत बदललं आणि घरच्या वायफायवरून स्वयंपाकघरात सोडलं. तिला खूश करायलाच ना! आणि आता ती त्या परक्या माणसाला कन्नडमधून उलट उत्तरं देत होती. कॉम्प्युटर बंद करून ‘केंद्रच गेलं’ म्हणावं, असंही मनात येऊन गेलं.

“काय म्हणाला गं तो?” मी दारातून विचारलं.

“मराठीत सांगून मजा नाही यायची.”

आमचा सगळा संसार माझ्या भाषेत झाला. तिच्या भाषेत ती इतकी मोठ्याने हसते, हे मला त्या निवेदकामुळे कळत होतं.

मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसलो. “मग कन्नडमध्येच सांग. सावकाश सांग.”

तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं आणि स्पीकरचा आवाज बारीक केला.