काल्हेरच्या मशीनमधून निघालेली चपलांची लेबलं

नात घरून काम करते त्या दिवशी मला एका जागी बसवत नाही. ती काल्हेरच्या एका गोदामासाठी प्रोग्रॅम लिहिते. तिचा फोन सारखा वाजतो. वाजला की मी उठून बघायला जाते, परत येते, परत जाते.

फोनवर त्यांचा एक ग्रुप आहे, सगळे प्रोग्रॅम लिहिणारे. कोणाचं अडलं की तो विचारतो आणि दुसरा कोणी आपल्याकडच्या दहा-बारा ओळी उचलून देतो. घेणाऱ्याने वापरून बघायच्या आणि ‘चाललं’ एवढं लिहायचं, असा त्यांचा रिवाज. मला हे कधी पटलं नाही. माझा नवरा कापड विणायचे लूम दुरुस्त करायचा. सेटिंग करताना पाठ अशी आड धरायचा की शेजारच्याला त्याचे हात दिसू नयेत. शेजारचाही तेच करायचा. आणि ही कधी तोंड न पाहिलेल्या माणसाला सगळं देऊन टाकते.

हे घडलं त्या महिन्यात तर तिची नोकरी अजून कच्ची होती. पक्की करायची की काढून टाकायचं, हे साहेब महिनाअखेरीला ठरवणार होता. म्हणून मी जास्तच फेऱ्या मारत होते.

एके दुपारी ग्रुपवर एकाने विचारलं, खोक्यांवरची लेबलं छापणारी मशीन वाकडं छापते, काय करू? हिने आपल्या मशीनची सेटिंग झटक्यात पाठवली. थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं, ‘चाललं. पण कागद बाहेर येत नाही.’

“कागद संपला असंल त्याचा,” मी म्हटलं.

“आजी, तू बस ना जरा. तुझ्या फेऱ्यांनी माझं डोकं फिरतं.”

“माझे पाय हायत. मी मारीन.”

तेवढ्यात साहेबाचा फोन. तो इतका ओरडत होता की मला दारातून ऐकू आलं. “मॅडम, आपल्या मशीनमधून चपलांची लेबलं निघतायत! आपल्याकडे चपला आहेत का? हमालांनी साबणाच्या खोक्यांना लावली पण! गाडी भरतेय इथे. ये किसने किया?”

नातीने फोनवर हात दाबला. “आजी, मी पत्ता खोडलाच नाही.”

त्या सेटिंगमध्ये छापणाऱ्या मशीनचा पत्ता असतो आणि आत शिरायचा पासवर्ड. दुसऱ्याला देताना त्या दोन ओळी खोडायच्या असतात. हिने घाईत खोडल्या नाहीत. त्यानेही न बघता सगळं जसंच्या तसं चिकटवलं. त्याच्या चपला आमच्या काल्हेरला छापल्या गेल्या.

“म्हायत न्हाय म्हण,” मी म्हटलं. “मशीन बिघडली म्हण. मशीन काय साक्ष द्यायला येनार हाय?”

“पासवर्ड अख्ख्या ग्रुपने बघितलाय. उद्या आणखी कोणी शिरेल.”

“उद्याचं उद्या. नोकरी आज जाईल, बाय!”

तिने हात काढला. “सर, माझ्याकडून झालंय. गाडी थांबवा. मी येते.”

साहेब जे बोलला ते मी लिहीत नाही. ती रिक्षाने निघून गेली. मी भात चढवला, विसरले, करपवला. आमच्या राहनाळच्या नाक्यापर्यंत जाऊन आले. ट्रकमागून ट्रक जात होते. ह्यात साबण कशात आणि चपला कशात, मला काय कळणार? घरी आले आणि परत नाक्यावर गेले.

दिवेलागणीला ती आली. नखांत लेबलांचा चिकट गोंद होता.

“नोकरी हाय का गेली?”

“आहे. पासवर्ड बदलला, लेबलं सोलली. पण अजून तीन महिने कच्चीच.”

पाणी पिऊन तिने पुन्हा फोन घेतला आणि घडलेलं सगळं ग्रुपवर लिहायला बसली. दोन ओळी खोडा, मी खोडल्या नाहीत, असं स्वतःच्या हाताने.

“आता गावभर दवंडी कशाला पिटतेस?”

“दुसऱ्या कोणाचं असं होऊ नये म्हणून.”

“दुसरा तुझा कोन लागतो?”

“आजी, आमची मशीन चालते ना, ती असल्याच कोणीतरी दिलेल्या ओळींवर.”

मला काही हे पटलं नाही. फोन वाजायला लागला. ‘माझंही असंच झालं होतं,’ एकाने लिहिलं, मग दुसऱ्याने. ती वाचून दाखवत हसत होती. मला पुढचे तीन महिने दिसत होते. मी उठून दाराशी गेले.