जखमेची पट्टी मोटारीला

दोस्तहो, आज माझ्या हातून लय वाईट झालं.

वालूरच्या देशमुखांच्या काळ्या मोटारीवर मी लाल पट्टा रंगवायलोय. पट्ट्याची कड सरळ यावी म्हणून खळीनं चिकटवलेला कागद सुटायचा, रंग पसरायचा. म्हणून सकाळी दवाखान्यात गेलो. गुडघा फुटलाय अशी थाप मारून कंपाउंडरकडून जखमेची चिकटपट्टी आणली. लढाईमुळं दवाखान्यात माल येईना, त्याच्याकडं तेवढीच उरली होती.

मोटारीला लावली. काढताना पट्टीनं खालचा काळा रंगच उपटून काढला.

दुपारी मेंढरं राखणारी सखू मावशी दवाखान्यातून येताना दिसली. विळ्यानं कापलेल्या हाताला नुसती चिंधी, तीही रक्तानं भिजलेली.

मला बघून थांबली. "शेवटची पट्टी तुला लागली म्हणं. गुडघा बरा हाय का, बाबा?"

मी "बरा हाय" म्हणालो.

खरं सांगायला तुमची तरी जीभ रेटली असती का?