दारात झोपणारे पावणे

मित्राचा फोन होता. त्याच्या ओळखीचे नवरा-बायको झोपायची सोय असलेली गाडी घेऊन येतील, त्यांना रात्रीपुरतं दारात पाणी आणि लाईट दे, म्हणाला. मला तो आमच्या घराचा अपमानच वाटला. वायर ओढायचं सोडून मी आतल्या खोलीत गाद्या घातल्या.

गृहस्थ सत्तरीचे, शांत. "पावणं, कोल्हापुरात येऊन दारात झोपणार व्हय? न्हाय चालायचं!" असं म्हणत मी त्यांच्या बायकोची पिशवी उचलून आत निघालो. बाई उंबऱ्याशी थबकल्या आणि रडायलाच लागल्या.

"हिला काही आठवत नाही आता," ते हळूच म्हणाले. "स्वतःचं घरसुद्धा परकं वाटतं. ही गाडी तेवढी ओळखते."

त्यांनी बाईंना परत गाडीत बसवलं. त्यांचा हात धरून एकेका वस्तूवर ठेवत राहिले. "ही तुझी खिडकी. ही तुझी उशी." बाई निवल्या. मी खाली मान घालून घराच्या खिडकीतून गाडीपर्यंत वायर ओढली, नळाला पाइप लावला.

सकाळी गाडी गेली. पाइप गुंडाळता गुंडाळता माझी बायको म्हणाली, "गाडी चालवायला शिकून घ्या की हो. उद्या मी तुम्हाला ओळखेनाशी झाले, तर मला फिरवणार कोण?"